दोनदा छापलेली ओळ

नागसेन चांगला माणूस आहे असं जिंतुरात आता कुणी म्हणत नाही. मी म्हणतो, पण झेरॉक्सवाल्याचं ऐकतं कोण! स्टँडामागच्या गाळ्यांत त्याच्या दुकानाला लागून माझं दुकान. मधली भिंत एका विटेची. तो फोनवर काय बोलतो ते मला मशीन चालू असतानाही ऐकू येतं, आणि दुपारचा चहा आम्ही एकाच स्टुलावर ठेवून पितो. तेव्हा मी सांगतोय त्या गावगप्पा नाहीत. गावगप्पा ज्यांना हव्यात त्यांनी लॅबवाल्या जीवनकडे जावं, तो छान सांगतो.

नागसेन येलदरीचा. बाप सटवाजी धरणावर रोजंदारीनं राबला, माय कुसुमबाई दुसऱ्यांचा कापूस वेचत राहिली, आणि दोघांनी मिळून पोरगा आणि पोरगी शिकवली. पोरगा पुण्याला एका कंपनीत लागला. तिथं तो काय काम करायचा ते समजून घ्यायला मला त्याला बरेच चहा पाजावे लागले. तो सांगायचा, जुने कॉम्प्युटर कागद बनवत नव्हते, ते प्रिंटरला नुसते हुकूम सोडायचे. हे अक्षर मार, आता रुंद मार, आता कागद एक ओळ वर सरकव. बँकांकडे, कारखान्यांकडे असल्या हुकमांच्या फायली ढिगानं पडून आहेत, आणि ते हुकूम पाळणारे प्रिंटर कधीच भंगारात गेले. नागसेन ते हुकूम वाचायचा आणि त्यातून मोबाईलवर उघडणारी पीडीएफ काढायचा. "भाऊ, नोकर मेला, पण मालकाच्या ऑर्डरी तशाच पडल्यात. त्या ऑर्डरी वाचून कागद मी काढायलोय, एवढंच," असं तो एकदा म्हणाला, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं.

पुण्यात त्याचं बरं चाललं होतं. मग सटवाजीच्या किडन्या कमजोर झाल्याचं निघालं आणि घरात भांडण पेटलं. बहीण माधवी देवगाव फाट्याजवळ दिलेली, शाळेत मास्तरीण, जिभेची तिखट. ती म्हणाली, आबांना मी माझ्याकडे ठेवते, परभणीच्या मोठ्या दवाखान्यात दाखवते. नागसेनला ते झोंबलं. पोरगा जिवंत असताना बाप लेकीच्या घरी? फोनवर तो तिला म्हणाला ते मी स्वतः ऐकलंय, कारण तेव्हा तो गाळा बघायला आला होता आणि माझ्याच दुकानात उभा होता.

"आबा माझ्याजवळ ऱ्हातेल. त्यांचा एक रिपोर्ट चुकायचा न्हाई. आबाला काय झालं तर माझ्या तोंडात शेण घाल, माधवी."

असं बोलून माणूस स्वतःलाच बांधून घेतो. पुणं सोडून तो बायकोला, सुकेशनीला, घेऊन जिंतूरला आला, माय-बापाला येलदरीहून आणलं आणि गाळा भाड्यानं घेतला. रिचार्ज, ऑनलाइन फॉर्म, प्रिंटर दुरुस्ती. कापसाच्या जिनिंगवरचा जुना वजनकाटा फक्त खटखट्या प्रिंटरलाच आकडे द्यायचा, ते आकडे नागसेननं मध्येच पकडून पावत्या मोबाईलवर पाठवून दाखवल्या. गावात नाव झालं. ते नाव जीवनच्या कानावर गेलं, तिथून पुढं सगळं बिघडलं.

जीवनच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं एक थोराड मशीन होतं, हैदराबादेतून सेकंडहँड आणलेलं. मशीन ठणठणीत, पण ते बोलायचं फक्त शेजारच्या प्रिंटरशी. त्या प्रिंटरची रिबन मिळेना. नवं मशीन घ्यायचं तर जीवनच्या जिवावर यायचं. म्हणून त्यानं नागसेनला बोलावलं. नागसेननं प्रिंटरच्या जागी तळहाताएवढा डबा लावला. मशीनला वाटायचं प्रिंटरच आहे, ते आपले हुकूम सोडत राहायचं. डबा ते पकडायचा, त्यातून स्वच्छ पीडीएफ तयार व्हायची, वर लॅबचं नाव, खाली जीवनची सही, आणि पेशंटच्या आणि डॉक्टरच्या फोनवर नुसती लिंक जायची. लिंक दाबली की रिपोर्ट उघडायचा.

मशीन चालवायचा आश्रुबा. म्हणजे रक्त घालायचा, कागद लावायचा, रिबन हातानं ओढून बसवायचा, निघालेला रिपोर्ट फाडून घडी घालायचा आणि डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. डॉक्टर त्याला "काय आश्रुबा?" म्हणायचे, ते त्याला फार आवडायचं. डबा लागला त्या दिवशी जीवन सगळ्यांसमोर म्हणाला, "आश्रुबा, आता तुझं फिरणं बंद. तू नुसत्या सुया टोच. पुढचं पुढं बघू." पुढचं पुढं बघू म्हणजे काय, हे गावात लहान पोरालाही कळतं.

नागसेननं आधी स्वतःचं रक्त घालून पाहिलं. धडधाकट गडी, रिपोर्ट सरळ निघाला. मग दुसऱ्यांचे रिपोर्ट काढले तर काहींमध्ये एखादी ओळ दोनदा यायची, जशीच्या तशी, एकाखाली एक. त्यानं आश्रुबाला विचारलं. हे मला त्यानंच त्या दिवशी चहाला सांगितलं, हसत हसत.

"मामा, ही ओळ दोनदा का यायली?"

"मशीन म्हातारं झालं रं. तोतरं बोलायलंय."

नागसेननं ते खरं मानलं. जुन्या मशीनांच्या असल्या खोडी त्यानं पुण्यात पुष्कळ पाहिल्या होत्या. सारखी ओळ लागोपाठ दोनदा आली तर एक काढून टाक, असं त्यानं प्रोग्रामात घातलं. रिपोर्ट देखणे दिसायला लागले.

आश्रुबा खोटं बोलला होता. रक्तातली एखादी गोष्ट हद्दीबाहेर गेली की ते मशीन प्रिंटरला हुकूम द्यायचं, कागद सरकवू नको, मागं ये आणि त्याच ओळीवर पुन्हा मार. दोनदा मारलेली ओळ काळीकुट्ट उमटायची. डब्यानं तो 'मागं ये' हुकूम नवी ओळ म्हणून धरला, म्हणून नागसेनला त्या एकाखाली एक दिसल्या. त्या मशीनला ओरडायचं म्हटलं तर एवढं एकच येत होतं. आमचे डॉक्टर वर्षानुवर्षं तेवढंच वाचत आले. रिपोर्ट हातात घेतला, काळं दिसलं तर थांबले, नाही दिसलं तर पुढचा पेशंट. शेजारी आकडा असतो, आकड्याशेजारी हद्द छापलेली असते, पण ते वाचायला डोळे लागतात. आणि नागसेननं लॅबच्या जुन्या कागदांवर काळं-फिकं पाहिलं नव्हतं असं नाही. त्याला वाटलं, रिबन कुठं ओली कुठं वाळकी. खटखट्या प्रिंटर ज्यानं दुरुस्त केलाय त्या कुणालाही तेच वाटलं असतं.

आश्रुबाचा हिशेब साधा होता. काळ्या ओळी गायब झाल्या की दोन दिवसांत डॉक्टर बोंब मारणार, डबा उकिरड्यावर जाणार आणि आपण पुन्हा घडी घालून रिपोर्ट न्यायला लागणार. पण डॉक्टर बोंब मारेनात. त्यांच्या फोनवर रोज लिंका यायच्या, एकातही काळं नाही. जणू तालुक्यात कुणाला काही झालेलंच नाही, आणि ह्या शहाण्या डॉक्टरला वाटलं, आपल्या हाताला गुण आलाय. चारचौघांत तसं बोललेही ते. मला आजही तो माणूस रस्त्यात दिसला की मी मान वळवतो.

सटवाजीचं रक्त दर आठवड्याला जायचं. किडनीच्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम वाढलं की हृदय बंद पडू शकतं, म्हणून ते सारखं बघावं लागतं, इतकं नागसेनला किडनीचं दुखणं ओळखणाऱ्या पहिल्या डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. तो लिंक स्वतः डॉक्टरांना पाठवायचा. डॉक्टर अंगठ्याचं चित्र पाठवायचे. अंगठा आला की नागसेन माझ्या दुकानात डोकं घालून म्हणायचा, "भाऊ, आबाचं नॉर्मल." चेहऱ्यावर अशी खुशी, जसा काही बापाला त्यानंच बरा केला.

म्हातारा मात्र वाळत चालला. दुपारी तो नागसेनच्या दुकानात खुर्ची टाकून बसायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला येलदरीच्या मरळ माशाच्या गोष्टी सांगायचा. मग गोष्टी कमी झाल्या. एकदा उठताना माझ्या खांद्याला धरून म्हणाला, "पायात जीवच न्हाई राह्यला, लेकरा." नागसेननं तिथल्या तिथं डॉक्टरांना फोन लावला. स्पीकरवर होता. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट बघितला मी, एकदम छान आहे. अशक्तपणा असेल. रोज शहाळं देत जा."

शहाळ्यात पोटॅशियम किती असतं हे मी नंतर वाचलं. ज्याच्या किडन्या चांगल्या त्याला ते अमृत. सटवाजीच्या अंगात ते साचत गेलं. नागसेन रोज स्टँडासमोरच्या गाड्यावरून शहाळं आणायचा, पाणीदार बघून, हलवून, कानाशी धरून. स्वतः नळी घालून बापाच्या हातात द्यायचा. "संपवा आबा, थेंब ठिऊ नका." म्हातारा बिचारा लेकराचं मन राखायला सगळं प्यायचा.

एका दुपारी तो पिता पिता थांबला. नळी तोंडातच होती. मी माझ्या काउंटरवरून पाहत होतो, मला वाटलं डुलकी लागली. नागसेन कुणाचातरी फॉर्म भरत होता. त्यानं मागं वळून न बघता विचारलं, "संपलं का आबा?" शहाळं खाली पडलं, पाणी माझ्या उंबऱ्यापर्यंत आलं. आम्ही दोघांनी उचलून रिक्षात घातलं तेव्हाच मला कळलं होतं, पण त्याला सांगायची माझी छाती झाली नाही.

पुढचं मला जास्त बोचतं. पाचव्या दिवशी जलदान विधी झाला, पाहुणे गेले, आणि नागसेन दुकान उघडून बापाचे रिपोर्ट बघत बसला. आठवण आली म्हणून, दुसरं काही नाही. इतके दिवस त्यानं रिपोर्टांत अक्षरं सरळ आलीत का, रेघा जुळल्यात का, एवढंच पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मुलगा म्हणून वाचले. पोटॅशियमचा आकडा हद्दीच्या बराच बाहेर होता. मागच्या रिपोर्टात तसाच, त्याच्या मागच्यातही तसाच. मग त्यानं डब्यात साठलेले मशीनचे मूळ हुकूम उघडले. ती ओळ प्रत्येक वेळी दोनदा आलेली होती.

त्यानं मला हाक मारली. लॅबचा जुना प्रिंटर दुरुस्तीला म्हणून त्याच्याकडेच पडून होता. कुठून तरी अर्धी वाळलेली रिबन काढून त्यानं ती बसवली आणि बापाचा शेवटचा रिपोर्ट त्यावर सोडला. प्रिंटर खरखरत निघाला. एक ओळ, कागद वर. एक ओळ, कागद वर. पोटॅशियमवर आला, ओळ मारली, कागद हलला नाही, मुंडकं मागं गेलं आणि पुन्हा मारलं. वाळक्या रिबनीतही ओळ काळी उमटली. नागसेननं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ओकला. माझ्या चपलांवर ओकला, मी हललो नाही.

आम्ही दोघं आश्रुबाकडे गेलो. तो अंगणात कमलबाईला, त्याच्या बायकोला, तुरी पाखडायला मदत करत होता. नागसेननं आवाजही चढवला नाही.

"मामा, तुमाला ठाव होतं?"

आश्रुबानं सूप खाली ठेवलं. "मला वाटलं दोन दिसांत डॉक्टर वरडंल. कुणीच वरडलं न्हाई रं."

"माझ्या आबाचं रगत तुमीच घातलं ना मशीनीत?"

"घातलं. आकडा बी दिसला. म्हणलं आता सांगावं." त्यानं हात पुसले. "मग म्हणलं, सांगितलं तर इचारतेल, इतके दिस का गप होतास. माझीच नोकरी जायची."

कमलबाई ऐकत होती. तिनं सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली. मी असतो तर त्या माणसाच्या थोबाडीत दिली असती. मी होतोच तिथं, आणि दिली नाही. नागसेन म्हणाला, "बरं," आणि आम्ही परत आलो.

जीवनला त्यानं स्वतःहून सांगितलं. त्याचं म्हणणं एकच, बाकीच्या पेशंटांना कळलं पाहिजे, अजून कुणाच्या तरी रक्तात काळी ओळ असेल. जीवन संध्याकाळी दुकानात आला, शटर अर्धं ओढलं आणि फार गोड बोलला. चूक दुरुस्त कर, म्हणाला. सगळे जुने रिपोर्ट मूळ हुकमांवरून पुन्हा काढ, त्याच लिंकांवर टाक, डॉक्टरांना मी सांगतो. नागसेननं दुसऱ्या दिवसापर्यंत ते केलं. ओळ दोनदा आली की ती जाड काळी काढायची, आणि प्रत्येक पानावर वर त्यानं लिहिलं होतं, 'दुरुस्त प्रत', खाली त्या दिवसाची तारीख.

ते बघून जीवनचा गोडवा उतरला.

"हे वरचं काढ."

"लोकांला कळाया पाह्यजे ना, आधीचं चुकलं होतं म्हणून."

"प्रोग्राम कोणाचा? ओळ कोणी काढली? मी का तू?" भिंतीपलीकडून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. "जा पोलिसात. पहिलं नाव तुझंच येईल. आन् मोर्चाबिर्चा काढायची सवय असतीच तुमच्या लोकांला, तर सांगून ठेवतो, मोर्चा तुझ्याच दारावर येईल. काढतो का दुसऱ्याकडून काढून घेऊ? तवर एकाही पेशंटला फोन जाणार न्हाई."

हे शेवटचं वाक्य त्याला बरोबर सुचलं होतं. नागसेननं 'दुरुस्त प्रत' काढलं, तारीखही काढली. जीवननं डॉक्टरांना खरोखर फोन केला. डॉक्टरांनी एकेका पेशंटला बोलावून पुन्हा तपासलं, आणि चूक काय झाली होती ते कुणालाच सांगितलं नाही. दोघंचौघं त्यामुळे वाचले असतील. त्यांतल्या एकाही घरात नागसेनचं नाव चांगल्या अर्थानं निघत नाही.

कारण सटवाजीचे रिपोर्टही त्याच लिंकांवर नवे होऊन बसले होते. एवढ्या काळ्या ओळी असताना म्हातारा मेला कसा, हे कुणीतरी विचारणारच होतं. डॉक्टरांनी आधीच बोलून ठेवलं. माधवी त्यांना भेटायला गेली, आबाचं शेवटी नेमकं काय झालं ते समजून घ्यायला. डॉक्टर तिला म्हणाले, "रिपोर्टमध्ये स्पष्ट होतं, बाई. तरीही तुमच्या भावानं शहाळं पाजलं. मी काय करणार?"

ती तिथून सरळ दुकानात आली. मागोमाग कुसुमबाई, सुकेशनीच्या हाताला धरून. माधवीनं डॉक्टरांनी दिलेली लिंक उघडून फोन नागसेनच्या तोंडासमोर धरला.

"दादा, ही वळ दिसायली का तुला? आंधळ्याला बी दिसंल. तीन आठवडे काळी हाय!"

मी मध्ये पडलो. म्हणालो, ताई, डॉक्टरनं मंजूर केलं होतं, ह्याच्या फोनवर अंगठा आहे बघा. ती म्हणाली, "अंगठा म्हंजे रिपोर्ट मिळाला. तुमी गप बसा, आमच्या घरचं हाय." शहाळ्याचं मी स्पीकरवर ऐकलं होतं, तेही सांगितलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच मला खोटा वाटायला लागलो.

नागसेन उभा राहिला. मला वाटलं आता आश्रुबाचं नाव घेईल, जीवनचं घेईल. त्यानं कुणाचंच घेतलं नाही. बहुतेक त्याला वाटलं असावं, आपण खरं तेवढं सांगावं.

"तवा ती काळी नव्हती, माधवी."

"मग आता कशी काळी झाली?"

"मी केली."

"कवा?"

"आबा गेल्यावर."

माधवी किंचाळली नाही. तिनं फोन पर्समध्ये ठेवला. खऱ्याची अशी दशा मी आयुष्यात पाहिली नव्हती. त्याच्या तोंडून निघालेला शब्द न् शब्द खरा होता आणि त्यातून जे उभं राहिलं ते बापाला मारून कागद फिरवणाऱ्या माणसाचं. मी समजावायला गेलो, मशीन, हुकूम, दोनदा मारलेली ओळ. माझंच मला ऐकवेना. मास्तरीण असून तिला ते कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचंही नव्हतं. ती आईला म्हणाली, "माय, चल. तुला मी इथं ठेवत न्हाई."

कुसुमबाई हलली नाही. ती खुर्चीकडे पाहत होती, ज्यात म्हातारा बसायचा. ऊन फार होतं, तिला चक्कर आल्यासारखं झालं आणि ती तिथंच खाली बसली. नागसेननं धावत जाऊन माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि तिच्यासमोर धरलं.

"माय, घे."

तिनं तांब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तोंड पदरानं झाकून घेतलं आणि सुकेशनीकडे हात केला. सुकेशनीनं नवऱ्याच्या हातातला तांब्या घेतला, पाणी ओतून टाकलं, माठातून पुन्हा भरला आणि सासूला दिला. मग म्हातारी प्यायली.